होडीच्या खिडकीला नवसाचा खण

"जाखमातेच्या चौकटीस सौ. इंद्रायणी भ्रतार दत्तोबा हिने नवसाचा खण बांधल्याचे पंचांस आढळून आले नाही. सबब तिने देवीस दिलेला शब्द पाळला नाही, व तिचा मुलगा ज्योतीराम मयत झाला त्याचा दोष तिजकडे जातो."

एकोणीसशे छप्पन्न सालच्या हिवाळ्यात, चिंचवडहून थेरगावकडे जाताना पवनेच्या काठी लागणाऱ्या आंबेवाडीच्या देवस्थान पंचांनी हा ठराव केला. भाषा कोर्टाची उसनी घेतली होती. बाकीचे सारे घरचे होते.

पंचांना खण आढळला नाही, एवढे खरे. त्यावरून तो बांधलाच गेला नव्हता हे कसे निघते, असे विचारण्याचे त्या सदरेवर कोणालाही सुचले नाही. दिसत नाही ते नव्हतेच, हा न्याय त्याच पंचांनी गाभाऱ्यातल्या देवीला लावला असता तर देवस्थान त्याच संध्याकाळी बंद करावे लागले असते. 'रीतसर चौकशीअंती' असेही शब्द ठरावात होते. चौकशी अशी झाली, की गुरव भैरूला पुढे बोलावून विचारण्यात आले, "काय रं, तिला खण बांधताना बघितलंस?" विचारणारे सोपानराव. ते गावचे पाटील, पंचांचे प्रमुख आणि जिच्यावर दोष जात होता तिचे सासरे. भैरू ज्या खोपटात राहत होता ते सोपानरावांच्या आवारात होते. भैरूने मान खाली घातली आणि "न्हाई" म्हणाला. याला पुरावा म्हणण्यात आले. इंद्रायणीला मात्र कोणी काही विचारले नाही. बायकांनी सदरेवर बोलण्याची रीत नव्हती, आणि ती रीत का आहे हे विचारण्याचीही रीत नव्हती.

ठरावाच्या शेपटीला दोन कलमे होती. इंद्रायणीचा भाऊ येईल तेव्हा तिला माहेरी खेडला पाठवावे. आणि दत्तोबाने दुसरे घर करावे. हिंदू माणसाला एक बायको असताना दुसरी करता येणार नाही, असा कायदा दिल्लीत आदल्याच वर्षी झाला होता. पंचांनी तो वाचला नव्हता. वाचला असता तर तो दिल्लीचा आहे, असे म्हणून त्यांनी तो मानाने दिल्लीतच राहू दिला असता.

जाखमातेचा नवस कसा असतो ते सांगायला हवे, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. देवीच्या ओटीत रोज जे खण येतात ते गुरवाचे. त्याने ते विकावेत, लेकीबाळींना द्यावेत, त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. पण आजारी मुलासाठी आईने गाभाऱ्याच्या लाकडी चौकटीला बांधलेला खण वेगळा. त्याला गुरवही हात लावत नाही. मूल उठून बसले की आईने स्वतःच्या हाताने गाठ सोडायची आणि त्याच खणाचे मुलाला अंगडे शिवायचे. मूल उठले नाही, तर खण तिथेच राहतो. ऊन, धूर, तेलकट वारा खात त्याचा रंग उतरत जातो आणि कधीतरी तो आपला आपण गळून पडतो. त्या चौकटीवर उजवीकडे-डावीकडे असे कितीतरी खण होते. ज्यांच्या आया कधीच्याच गेल्या होत्या असेही त्यांत होते. परका माणूस देवळात आला की त्याला वाटे, काय सुंदर तोरण लावले आहे.

इंद्रायणीचा खण नवा नव्हता. तो तिच्या आईने लग्नात तिच्या ओटीत घातला होता, आणि आईच्या ओटीत तो तिच्या आईने. गर्द निळा, काठ डाळिंबी, धुऊन-धुऊन मऊ पडलेला. त्याची एक बाजू उसवली होती ती इंद्रायणीने बांधण्याच्या आदल्या दिवशी दुमडून शिवली, तापाने फणफणलेल्या ज्योतीरामाचे, जोत्याचे, डोके मांडीवर घेऊन. इंद्रायणी डावखुरी. ताटात डावा हात गेला की सासू आक्काबाईंचा चिमटा बसे, त्यामुळे जेवण्याचे तिने उजव्या हातावर आणले होते. पण सुई धरली की डावाच हात पुढे येई, आणि टाके इतर बायकांच्या टाक्यांहून उलटे, भलतीकडे कललेले पडत. तिन्हीसांजेला तिने खण बांधला. तेव्हा देवळात भैरूशिवाय कोणी नव्हते, आणि भैरू समईत तेल घालत होता.

जोत्या गेला त्यानंतर सुतक फिटल्यावर आक्काबाई देवळात गेल्या, चौकटीवर सुनेचा खण शोधला, आणि घरी येऊन म्हणाल्या, "न्हाई तिथं. कुठं इकलास गं, भवाने?"

तेव्हापासून इंद्रायणीच्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली. आपण बांधला, हे तिला ठाऊक होते. पण गाठ कशी मारली? पोर घरी टाकून आलो म्हणून हात घाईत होते. गाठ सैल राहिली का? सुटून पडला, वाऱ्याने गेला, कुत्र्याने नेला, आणि तिकडे पोराचा श्वास अडकला. असे झाले का? सवत येणार, माहेरी भावजयीच्या हाताखाली जन्म जाणार, हे तिला कळत होते, पण ते दूरचे होते. जवळचे होते ते बोटांतले. ती बसल्याजागी पदराच्या टोकाला गाठ मारून बघे, ओढे, परत मारे. एक तरी माणूस 'तू बांधला होतास, नीट बांधला होतास' असे म्हणाले असते तर तिने माहेरची वाट निमूट धरली असती. तेवढेच तिला हवे होते. दत्तोबाकडे तिने ते मागितलेही. दत्तोबा भला माणूस, भल्या माणसांचे जे ठरलेले उत्तर असते ते त्याने दिले: "आबांच्या म्होरं मी काय बोलणार?" शिवाय त्याला नव्या कारखान्यात मुकादमाची जागा नुकतीच मिळाली होती, आणि पहाटे भोंग्याला पोचायचे असे.

घरातून तिला ठरावाच्या दिवशीच काढले. भाऊ येईपर्यंत राहायचे कुठे, तर कारखान्याच्या चाळीत शालनबाईने तिला जागा दिली. शालनबाई मूळची रत्नागिरीकडची. नवऱ्याबरोबर कामासाठी वर आलेली, आणि आता कारखान्याच्या गोऱ्या मॅनेजरच्या बंगल्यावर आया. तोंडाने फटकळ. गावातल्या बायका इंद्रायणीची सावली टाळत होत्या तेव्हा शालनबाई म्हणाली, "माझ्या खोलीत देवी नाय नि पंच नाय, एक ढेकूण तेवढे हायत. चालतील तर ये गो."

रडून-रडून माणूस वाळते असा शालनबाईचा समज होता, आणि त्यावर काम हा एकच उपाय तिला माहीत होता. ती म्हणाली, "तुला शिवण येतंय ना? मग उद्या चल माझ्याबरोबर. मडमेला होडीचे पडदे शिवून हवे हायत."

"कशाचं?"

"होडीचे गो! होडीला खिडक्या नि खिडक्यांना पडदे." शालनबाई पोट धरून हसली. "आमच्याकडे जन्म गेला होडीत, पण पडदा कोणी बघितला नाय. मासे काय डोकावतात आत?"

होडी कारखान्याच्या सुतारखात्यात होती. जवळचा समुद्र घाट उतरून मुंबईला, आणि होडी इथे, लाकडी घोड्यांवर, भुश्श्याच्या ढिगाऱ्यात. साहेबाला शिडाच्या होडीचा नाद. कारखान्यातले सुतार निम्मा वेळ यंत्रांच्या पेट्या ठोकत आणि निम्मा वेळ साहेबाची होडी. पंचवार्षिक योजनेत हे उत्पादन कोणत्या सदराखाली धरले गेले ते समजत नाही. होळीच्या आत ती ट्रकवर घालून मुंबईच्या बंदरात उतरवायची होती. तिच्या पोटात एक बुटकी खोली केली होती. दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या, मध्ये घडीचे टेबल, आणि भिंतींत वीतभर-हातभर खिडक्या. साहेब तिला केबिन म्हणे. सुतार माडी म्हणत.

शिडी लावून शालनबाई वर चढली, मागून इंद्रायणी. मडम आधीच आत वाकून बसलेली होती. पस्तिशीची, उन्हाने नाक सोललेली, मोकळ्या स्वभावाची बाई. तिची मोडकी हिंदुस्थानी निम्मी हातांनी बोलली जाई, आणि राहिलेले शालनबाई सांगे. फळीवर तिने कापडे मांडली होती. खिडकी लहान, पण प्रश्न लहान नव्हता. ती तो गंभीरपणे सोडवत होती, आणि त्या आठवड्यात आंबेवाडीच्या आसपास एखादी गोष्ट नीट विचार करून, पारखून ठरवली गेली असेल तर ती हीच.

बांबूच्या काड्यांचे गुंडाळायचे पडदे, चिका, होत्या. त्या तिने बाजूला सारल्या. होडी हलली की रात्रभर खडखडतील. मुंबईहून आणलेले हिरव्या पट्ट्यांचे जाड कापड होते. त्याने खोलीत दिवसाढवळ्या अंधार होई. जाळीचे झिरझिरीत होते; पण बंदरात शेजारी दुसऱ्या होड्या लागतात, माणसे आत बघतात. मडमेने हात डोळ्यांशी नेऊन दुर्बीण करून दाखवली.

"बघतील तर बघूं देत," शालनबाई म्हणाली. "तुमी काय करतांव आत, जपच ना?"

मडमेला ते कळले नाही. पण शालनबाई हसली म्हणून तीही हसली. मग तिने पडदे कसे लावायचे ते समजावले. वारा भरला की होडी एका कुशीवर कलते. पडदा नुसता वरून टांगला तर तो भिंत सोडून खोलीच्या मध्ये लोंबू लागेल. म्हणून वरही काठी, खालीही काठी, आणि पडदा दोन्हीकडून नेफ्यात ओवलेला, ताणून बसवलेला. कितीही वादळ आले तरी हलणार नाही. इंद्रायणीने मान हलवली. दोन नेफे, काम सोपे होते.

"और ये," मडम म्हणाली, आणि तिने फळीखालून एक वेताची टोपली ओढली. चेहऱ्यावर खाऊ लपवून ठेवलेल्या पोरीचा आनंद. "ये मेरा पसंद. पुराना. बहुत सुंदर. नया कलर बहुत... " तिने कानांवर हात ठेवले. नवे रंग ओरडतात, असे तिला म्हणायचे होते. टोपलीत खण होते. रंग उतरलेले, मऊ, काठांचा जर काळवंडलेला. एका टोकाला प्रत्येकाच्या चुण्या बसलेल्या, घट्ट गाठीत आवळून राहिलेल्या कापडाला बसतात तशा. खणाची रुंदी खिडकीला जशी काही मोजून केलेली.

मडमेने ते एकेक फळीवर पसरले. गुलबक्षी, मोरपंखी, विटकरी. मग निळा.

इंद्रायणी वाकून बघत होती ती तशीच राहिली. तिने खणाला हात लावला नाही. आधी तिने त्याचा काठ पाहिला, मग काठाखालची दुमड. टाके उलटीकडे कललेले होते.

"ये बेस्ट," मडम म्हणाली. "ये मेरे तकिये के पास. सुबह का लाइट ब्लू आएगा."

"हे कुठनं आलं?" इंद्रायणीने विचारले.

शालनबाईने ते मडमेला विचारले. मडमेला सांगायला आवडले. मागे एकदा ती साहेबाबरोबर नदीकडे फिरायला गेली होती, तेव्हा देवळाच्या दारातून तिने हे तोरण पाहिले. असले जुने कापड कुठे मिळेल, असे तिने गावच्या म्हाताऱ्या पाटलाला विचारले होते. फक्त विचारले होते. आणि काय तो सज्जन माणूस! स्वतः घेऊन आला, फडक्यात बांधून. पैसे घेईना. व्हरांड्यात सगळे चहा पीत होते, त्यालाही खुर्ची दिली. साहेब खूश झाला, पाटलाच्या मुलाला काम देतो म्हणाला. डॉक्टरने पाटलाला आपली सिगारेट दिली, ती पाटलाने कानावर ठेवली, आणि सगळे हसले.

"डागदर?" इंद्रायणी म्हणाली. "कंचा डागदर?"

"आपल्या दवाखान्यातला गो," शालनबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली. जोत्याची गोष्ट तिला ठाऊक होती, आणि त्या दिवशीचा चहाही तिनेच नेला होता; दोन्ही तिने आजवर एकत्र जोडून पाहिले नव्हते.

"इचार त्यांना, दीस कंचा व्हता."

दिवस मडमेच्या ध्यानात होता. कारखान्याचा नवा भोंगा त्या दिवशी पहिल्यांदा वाजला होता. चहाच्या वेळी. साहेबाने घड्याळ काढून हातात धरले होते, आणि भोंगा वाजला तेव्हा डॉक्टरच्या कपातला चहा सांडला होता.

तो भोंगा आंबेवाडीत पोचला होता, खण बांधला त्याच्या दुसऱ्या दिवशी. इंद्रायणीच्या मांडीवर घशाला सूज येऊन श्वास ओढत पडलेला जोत्या त्या आवाजाने दचकला होता, आणि तिने त्याचे कान झाकले होते. सोपानराव दुपारीच बंगल्यावर गेले होते. गावात डॉक्टर नाही, कारखान्याचा डॉक्टर बाहेरच्यांना बघत नाही. पण साहेबाने शब्द टाकला तर मोटारीतून येईल, आणि साहेबाशी बोलू शकेल असा गावात एकच माणूस. जाताना तेच म्हणाले होते, "डागदर घिऊनच येतो, पोरी." दिवेलागणीला परतले ते एकटे. "डागदर पुण्याला गेलाय. उद्याच्याला बघू." पहाटेच्या आत जोत्या गेला.

इंद्रायणी खाली फळीवर बसली. तिला रडू आले नाही. पहिल्यांदा तिच्या मनात जे आले ते आठवून पुढे तिला स्वतःचीच लाज वाटे: गाठ सैल नव्हती. कापडाच्या टोकाला चुण्या इतक्या खोल बसल्या होत्या, की ती गाठ सोडायला कोणाला तरी दात लावावे लागले असणार.

"हा माझा हाय," ती मडमेला मराठीतच म्हणाली. "माझ्या पोराचा."

शालनबाईने ते नीट सांगितले. पुष्कळ वेळ सांगितले. खण काय, नवस काय, पोर कधी गेले. मडमेचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. ती वाईट बाई नव्हती. तिने निळा खण घडी करून इंद्रायणीच्या हातात दिला, तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरे पाणी होते. बाकीचे खण तिने टोपलीत परत ठेवले. त्यांच्यावर कोणी हक्क सांगितला नव्हता. पुढे ते दुसऱ्या कोणी शिवले, आणि मुंबईच्या बंदरात ती होडी पाण्यावर उतरली तेव्हा आंबेवाडीच्या कोणा कोणा मेलेल्या लेकरांचे नवस तिच्या खिडक्यांना वर-खाली काठ्यांत ताणून बसवलेले होते. कितीही वादळ आले तरी हलणार नव्हते.

इंद्रायणीचा भाऊ भिमाजी बैलगाडी घेऊन आला तो गावच्या बैठकीचाच दिवस होता. पंच देवळाच्या सदरेवर बसलेले. बहिणीला घेऊन मुकाट जायचे, असे भिमाजीने ठरवले होते; पण बहीण गाडीत बसेना. ती देवळाकडे चालू लागली, मागून शालनबाई, आणि त्या दोघींच्या मागून, काही न समजता, भिमाजी.

पंचांतले लक्ष्मणराव विनोदी म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी पाहिले आणि हाक दिली, "काय पाटील, सूनबाई निरोप घ्यायला आली का निरोप द्यायला?"

दोघे-तिघे हसले. सोपानराव हसले नाहीत. त्यांची नजर सुनेच्या हाताकडे गेली होती.

इंद्रायणीने पायरीखाली उभे राहून खण उलगडला आणि सदरेच्या कडेवर पसरला.

"ह्यो माझा खण. मी चौकटीला बांधला व्हता. ह्यो साहेबाच्या होडीत घावला."

"आगं, निळ्या खणाला काय तोटा?" लक्ष्मणराव म्हणाले. "बाजारात थप्प्या हायेत. उद्या माझी बायकू लुगडं दावून म्हनंल, ह्ये देवीनं दिलं."

"बाजारात शिवण घालून देत्यात का?"

"म्हंजे?"

"सुई द्या," इंद्रायणी म्हणाली.

शालनबाईने आपल्या चोळीच्या बाहीत टोचलेली सुई काढली. दोरा तिच्यात होताच. "ही घे. पंचांना भोसकायची नाय हां गो, शिवायचंच फक्त." इंद्रायणी पायरीवर बसली, खणाचे दुसरे टोक दुमडले, सुई डाव्या हातात घेतली आणि शिवू लागली. शिवून झाल्यावर तिने नवे टाके आणि जुने टाके शेजारी शेजारी धरले. लक्ष्मणरावांनी वाकून पाहिले. गावात दुसरी डावखुरी बाई नव्हती. डाव्या हाताने शिवते म्हणून आक्काबाईंनी आपल्या सुनेला गावभर नावे ठेवली होती, तेव्हा त्याबद्दल कोणाला शंका असण्याचे कारणही नव्हते.

लक्ष्मणरावांनी मिशीवरून हात फिरवला. या वेळी ते विनोदी बोलले नाहीत. "भैरू," ते म्हणाले, "हिकडं ये."

भैरू गाभाऱ्याच्या दारात उभा होता. तो आला नाही. तिथेच खाली बसला, आणि रडू लागला. "मी म्हनलं व्हतं, पाटील, ह्ये नवसाचं हायेत, ह्यास्नी हात लावू नगा. मी म्हनलं का न्हाई? तुमी म्हनला, जुनं झाल्यात, देवी काय धरून बसली न्हाई. ह्यो एक तर सुटंना, दातानं सोडावा लागला. माझ्या दातानं सोडला, आई, माझ्या दातानं." तो हे देवीला सांगत होता, की इंद्रायणीला, ते कळायला मार्ग नव्हता.

सगळे सोपानरावांकडे पाहू लागले. दत्तोबाही होता, खांबाला टेकून. सोपानराव ताठ बसले होते. ते म्हणाले, "बरं. खण बांधला हुता. ठराव चुकला. ठराव मागं घिऊ. सूनबाई, घरला चल."

इतक्यावर ते संपले असते. पंचांना ते तसे संपायला हवे होते. लक्ष्मणरावांनी तर "झालं, झालं, मोकळं झालं" असे म्हणून उपरणे झटकलेही. तिला हवे होते ते तिला मिळाले होते. पण इंद्रायणी उठली नाही.

"मामंजी," ती म्हणाली, "खणाचं ऱ्हाऊ द्या. डागदर पुण्याला गेलता म्हनला. त्यो तुमच्या शेजारी खुर्चीत बसला व्हता. त्यानं तुमास्नी शिरगेट दिली."

"कोन म्हनतं?"

"मी म्हणतंय," शालनबाई म्हणाली. "चहा मीच घेऊन आलंय व्हरांड्यात. तुमच्या कपात दोन चमचे साखर जास्त मागितलीत ती पण मीच घातलंय."

"आबा?" खांबाजवळून दत्तोबा म्हणाला. ठराव झाल्यापासून त्याने बापाला विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि तोही एका शब्दाचा.

त्या बैठकीचे दप्तर नंतर लिहिले गेले. त्यात आधीचा ठराव रद्द केल्याचे आहे. खण गैरसमजाने हलवला गेल्याचे आहे. पंचांनी खेद व्यक्त केल्याचेही आहे, आणि खेद कोणाजवळ व्यक्त केला ते नाही. इंद्रायणी त्याच दिवशी भावाच्या गाडीतून खेडला गेली, परत आली नाही. खण तिने चौकटीला परत बांधला नाही, सोबतही नेला नाही. तो सदरेच्या कडेवर राहिला आणि दत्तोबाने उचलला. दत्तोबाने दुसरे घर केले नाही, मुकादमीही सोडली नाही. सोपानराव पुढची पाच वर्षे पंचांचे प्रमुख राहिले. त्या दिवशी सुनेला त्यांनी जे उत्तर दिले ते दप्तरात घेण्यासारखे कोणाला वाटले नाही. भिमाजीने ते ऐकले आणि शालनबाईने ऐकले. दोघांच्या सांगण्यात एका अक्षराचा फरक नाही. ते असे:

"व्हय. डागदर हुता. शेजारीच हुता. मी जाताना त्याच कामाला गेलो हुतो, तुझी शपत. पर खण बघून साहेब खूश झाला आन् म्हनला, बोल पाटील, तुला काय पायजे? तवा मी दत्तूची मुकादमी मागितली. मागितली आन् मिळाली. मंग डागदराचं तोंडाशी आलं हुतं, पर एका बैठकीत मोठ्या मानसाकडं दोन मागन्या करू न्हाई, दुसरी केली का पयली बी जाती, आसं मला वाटलं. म्हनलं, पोराचं उद्या मागू. उद्याच्याला मी सकाळीच निघनार हुतो. अंगरखा बी काढून ठिवला हुता."